चित्रपट कसा घडतो : एका राहून गेलेल्या धड्याचा इतिहास

पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांभोवती वाढलेल्या मुलाला एक गोष्ट मुद्दाम शिकवावी लागत नाही. साच्यातून निघालेली मूर्ती सुकते, घासून गुळगुळीत होते, रंग घेते; परंतु डोळ्यांची आखणी होईपर्यंत तिच्या मुद्रेला अर्थ येत नाही. भुवईची रेषा केसभर वर गेली की मुद्रा उग्र होते, बुबुळ किंचित सरकले की नजर भलतीकडे वळते. मुद्रा ही घडविलेली असते आणि ती कशी असावी हे घडविणाऱ्याने ठरविलेले असते, हे ज्ञान त्या मुलाच्या अंगवळणी पडलेले असते. तोच मुलगा घरी येऊन मोबाईलच्या पडद्यावरील चित्रांत बुडून जातो, तेव्हा मात्र हे ज्ञान त्याच्या उपयोगी पडत नाही. पडद्यावरचे सारे त्याला घडलेले वाटते, घडविलेले वाटत नाही.

पेण आणि रोहा या तालुक्यांतील माध्यमिक शाळांत शिकणारी आमची मुले दहा वर्षे अक्षर वाचायला शिकतात. कवितेचे रसग्रहण करतात, निबंध लिहितात, नकाशे भरतात. मात्र दिवसाकाठी ज्या माध्यमाशी त्यांचा सर्वाधिक संबंध येतो, त्या चलच्चित्राचे वाचन त्यांना कोणी शिकवीत नाही. लेखन तर दूरच राहिले. चित्रपटाचा अभ्यास आणि निर्मिती हा विषय माध्यमिक शाळेत असावा असे म्हटले की पालक दचकतात आणि मुख्याध्यापक हसतात. हे काहीतरी नवे खूळ आहे, असा समज दोघांचाही असतो. तो समज इतिहासाला धरून नाही, हे दाखविण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा इतिहास आपल्या महाराष्ट्रातच सुरू होतो आणि त्याच्या उगमाशी प्रभू येशूचे चरित्र आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलच्चित्रे प्रथम दाखविण्यात आली. पुढे चौदा-पंधरा वर्षांनी, १९१०-११च्या सुमारास, धुंडिराज गोविंद फाळके यांनी मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त पाहत असता त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, ही हकीकत आमच्या वाचकांनी अनेकदा ऐकली असेल. ख्रिस्ती व्यासपीठांवरून ती मोठ्या अभिमानाने सांगितली जाते आणि बहुधा तेथेच थांबते. आम्हांला तिचा पुढचा भाग अधिक मोलाचा वाटतो. फाळके भारावून घरी गेले खरे, पण स्वस्थ बसले नाहीत. ही चित्रे हलतात कशी, या प्रश्नाने त्यांची झोप उडविली. मुंबईत लागेल तो चित्रपट ते पाहत राहिले, त्यासंबंधीची पुस्तके आणि साहित्य जमवीत राहिले. अतिश्रमाने काही काळ त्यांची दृष्टीही अधू झाली. फेब्रुवारी १९१२मध्ये ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत चित्रीकरणाची रीत डोळ्यांखालून घातली आणि विल्यमसन कॅमेऱ्याची व्यवस्था करून परतले. ख्रिस्तपट पाहून सद्गदित झालेले प्रेक्षक त्या काळी हजारो असतील. तो कसा केला हे शोधायला निघालेला हा एक होता.

भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून फाळक्यांनी केलेला प्रयोग कोणत्याही शाळेत आजही करता येईल असा आहे. वाटाणा पेरून त्याच्या वाढीची चित्रे त्यांनी दिवसांमागून दिवस थोडी थोडी टिपली आणि ती सलग दाखविली, तेव्हा बीजातून रोप उभे राहताना क्षणार्धात दिसले. जीवशास्त्राचा आणि चित्रपटाचा पहिला धडा एकाच कुंडीत रुजला, असे म्हणण्यास हरकत नसावी.

पुढे ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला. या चित्रपटासाठी फाळक्यांचे घर म्हणजे एक कार्यशाळाच बनली होती. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने गहाण ठेवू दिले, एवढ्यावरच त्यांचा वाटा संपत नाही. कोऱ्या फिल्मच्या कडांना अंधारात भोके पाडणे, उन्हाचा झोत पात्रांवर पडावा म्हणून पांढरे पडदे धरून उभे राहणे, आणि या सर्वांवर साऱ्या मंडळींचा स्वयंपाक, अशी कामे त्यांनी केली. मुलगा भालचंद्र रोहिदास झाला. मुलगी मंदाकिनी 'कालिया मर्दन' (१९१९) या चित्रपटात बाळकृष्ण झाली. सुदैवाने तो चित्रपट बऱ्याच अंशी जतन झालेला आहे. त्याचा आरंभ प्रत्येक शिक्षकाने पाहावा. कथा सुरू होण्यापूर्वी फाळके प्रेक्षकांना ही सात वर्षांची मुलगी दाखवितात आणि ती एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणून दाखविते. त्यानंतर तिचाच कृष्ण होतो. ही मुलगी आहे, ती अभिनय करीत आहे, हे आधी सांगून मग तिला देव म्हणून पाहायला लावणारा दिग्दर्शक प्रेक्षकाला फसवू इच्छीत नव्हता. प्रेक्षकाने जाणतेपणी रमावे, अशी त्याची इच्छा होती.

आणि तेवढ्यावरही फाळके थांबले नाहीत. १९१७मध्ये त्यांनी 'चित्रपट कसे तयार करतात' या विषयावर एक छोटा चित्रपट केला आणि त्यात स्वतःच काम करताना ते दिसले. त्याच सुमारास 'नवयुग' मासिकात त्यांनी भारतीय चित्रपटावर लेखमाला लिहिली. म्हणजे आपल्या देशात कथापट रुजून पाच वर्षेही लोटली नव्हती, तोच त्याच्या जनकाने मराठी वाचकासाठी आणि सामान्य प्रेक्षकासाठी त्याचे वर्ग सुरू केले होते! मराठी शाळेने त्या वर्गात शंभर वर्षे नाव घातले नाही, ही गोष्ट वेगळी.

आता ख्रिस्तसभेकडे वळू. तिला चित्रपटाचे भान उशिरा आले, असा आक्षेप घेता येणार नाही. कॅथलिकांची आंतरराष्ट्रीय चित्रपट संघटना १९२८मध्येच स्थापन झाली होती; २००१मध्ये ती नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या भगिनीसंस्थेत विलीन होऊन 'सिग्निस' बनली. पोप पायस अकरावे यांनी २९ जून १९३६ रोजी 'व्हिजिलांती कुरा' हे परिपत्रक खास चित्रपटावर काढले. त्याच्या मागे अमेरिकेतील 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही चळवळ होती. अनीतिकारक चित्रपट आम्ही पाहणार नाही, अशी शपथ भाविकांकडून धर्मगुरूंनी दरवर्षी घ्यावी आणि प्रत्येक देशात चित्रपटांची वर्गवारी करून यादी प्रसिद्ध करावी, असा त्या पत्राचा व्यावहारिक आशय. चांगल्या चित्रपटाच्या सामर्थ्याची कदर त्यात आहे, हेही नमूद केले पाहिजे. परंतु आमच्या आजोबा-पणजोबांच्या कानी पोहोचली ती शपथ आणि यादी. काय पाहू नये हे यादी सांगते. जे पाहिले त्याचे काय करावे, हे यादीला सांगता येत नाही.

हे रोमला कळण्यास फार वेळ लागला नाही. पोप पायस बारावे यांनी १९५५मध्ये आदर्श चित्रपटावर दोन प्रदीर्घ भाषणे केली आणि ८ सप्टेंबर १९५७ रोजी 'मिरांदा प्रोर्सुस' या परिपत्रकात चित्रपट, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी यांचा एकत्र विचार मांडला. प्रेक्षकाला, विशेषतः तरुणांना, चित्रपटाचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्यात शाळांचा वाटा असावा, हा विचार तेथे आला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी 'इंतेर मिरिफिका' संमत केले आणि कॅथलिक शाळांत या माध्यमांच्या योग्य वापराचे प्रशिक्षण असावे, असे सांगितले. (या दस्तऐवजाच्या बाजूने १९६० आणि विरुद्ध १६४ मते पडली होती. परिषदेच्या इतर दस्तऐवजांच्या मानाने हा विरोध मोठा. तो फार वरवरचा झाला आहे, असे अनेकांना वाटले होते आणि आमच्या मते ते चुकीचे नव्हते.) ती उणीव २३ मे १९७१च्या 'कोम्युनियो एत प्रोग्रेसियो' या मार्गदर्शनपर पत्राने भरून काढली. मुलांची कलादृष्टी जोपासण्यास फार लवकर असे काही नसते आणि या शिक्षणाला शालेय अभ्यासक्रमात नियमित स्थान असावे, इतक्या स्पष्टपणे ते बोलते. १९ मार्च १९८६ रोजी भावी धर्मगुरूंच्या माध्यम-प्रशिक्षणाची स्वतंत्र मार्गदर्शिकाही निघाली. तिच्यानंतर सेमिनरीत शिकलेल्या आमच्या पिढीला 'हा आमचा प्रांत नव्हे' असे म्हणण्याची सोय राहिलेली नाही.

१९९५मध्ये चित्रपटाची शताब्दी झाली तेव्हा व्हॅटिकनने ४५ चित्रपटांची एक यादी प्रसिद्ध केली. यादी पुन्हा आलीच, पण आता ती कशासाठी होती पाहा. तीत रिचर्ड अॅटनबरो यांचा 'गांधी' होता आणि संत मत्तयच्या शुभवर्तमानावरील पासोलिनीचा चित्रपटही होता. पासोलिनी हा मार्क्सवादी आणि अश्रद्ध म्हणून ओळखला जाणारा मनुष्य. १९३६ ते १९९५ या साठ वर्षांत ख्रिस्तसभा टाळण्याच्या यादीपासून पाहण्याच्या यादीपर्यंत चालत आली.

आमच्या घरांनी मात्र हा प्रवास केलेला नाही. परीक्षा जवळ आली की मोबाईल कपाटात जातो, निकाल लागला की बक्षीस म्हणून परत हातात येतो. पाहणे हे एक तर पाप किंवा मग बक्षीस. शिकण्याची गोष्ट ते कधीच होत नाही. ख्रिस्तसभा १९७१ला पोहोचली आणि आमचे बैठकीचे दालन १९३६मध्येच राहिले, असे म्हटले तर वाचकांनी रागावू नये.

याच काळात भारतात चित्रपट-शिक्षणाची पायाभरणी चालली होती. मेरी सीटन या ब्रिटिश अभ्यासक १९५५मध्ये भारतात आल्या आणि चित्रपट हे शिक्षणाचे साधन कसे होऊ शकते, यावर त्यांनी व्याख्याने दिली. त्याच वर्षी मुलांसाठी चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी निघाली. १९६०मध्ये पुण्यात, जेथे प्रभात कंपनीचा स्टुडिओ होता त्याच जागेत, फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली. १९६४मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आले आणि पी. के. नायर यांनी ते घडविले. (संग्रहालय आणि चिल्ड्रन्स फिल्म सोसायटी या दोन्ही संस्था २०२२मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाल्या.) प्रा. सतीश बहादूर यांनी पुण्यात चित्रपट-रसास्वादाचे शिक्षण रुजविले. 'पथेर पांचाली'चा एकेक प्रसंग, एकेक शॉट थांबवून उलगडण्याची त्यांची पद्धत पिढ्यान्पिढ्यांच्या स्मरणात राहिली. मुंबईत १९६८मध्ये प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले आणि मराठी माणसाला जगाचा चित्रपट पाहण्याची गोडी लागली. १९६९मध्ये झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्स निघाली. कोलकात्यात १९७०मध्ये फादर गॅस्टन रोबेर्ज या येशूसंघीय धर्मगुरूंनी 'चित्रबाणी' सुरू केली. कॅनडाहून १९६१मध्ये भारताकडे निघालेल्या या तरुणाने वाटेत न्यूयॉर्कला सत्यजित राय यांचे अपू-त्रयीतील तिन्ही चित्रपट एका बैठकीत पाहिले होते. पुढे राय यांचा स्नेह त्यांना लाभला आणि २०२०मध्ये निधन होईपर्यंत चित्रपट शिकविणे हेच त्यांचे प्रेषितकार्य राहिले. 'पथेर पांचाली'ला १९५६च्या कान महोत्सवात कॅथलिक परीक्षकांनीही विशेष उल्लेखाने गौरविले होते, हे येथे आठवते.

हे सारे थोर, पण जवळजवळ सगळे महाविद्यालयाच्या दारापाशी थांबलेले. शाळेत चित्रपट पोहोचला तो सहलीसारखा. १९५३चा 'श्यामची आई' पाहून रडण्यासाठी मुलांना रांगेने नेले जाई. रडू का आले, याची चर्चा वर्गात झाल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

ती चर्चा कशी व्हावी? आठवी-नववीच्या मुलांना 'फँड्री' (२०१३) दाखविण्यास पुष्कळ शिक्षक कचरतील, पण त्यातला एक प्रसंग पुरेसा आहे. जब्याचे कुटुंब शाळेजवळ डुकराच्या मागे धावत असते आणि शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. सारे जागच्या जागी ताठ उभे राहतात. डुक्कर मात्र निघून जाते. मुले हसतील. हसू द्यावे. मग विचारावे : हसू कोणी आणले? राष्ट्रगीत आणि डुक्कर एकाच चौकटीत कोणी आणले आणि कशासाठी? पुढे डुक्कर काठीला बांधून नेतात, तेव्हा मागच्या भिंतीवर फुले-आंबेडकरांची चित्रे आहेत. ती भिंत तेथे योगायोगाने आली काय? अखेरीस जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्याच्या दिशेने. तो कोणाला लागावा अशी नागराज मंजुळे यांची अपेक्षा आहे? एका तासात नागरिकशास्त्राचा एवढा धडा दुसऱ्या कोणत्या साधनाने होईल, आम्हांला ठाऊक नाही.

रोह्याच्या मुलांसाठी 'पथेर पांचाली'तील आगगाडीचा प्रसंग घ्यावा. कोकण रेल्वेचा मार्ग जेथून सुरू होतो त्या गावच्या मुलाला गाडीचे अप्रूप नसते. अपू आणि दुर्गा काशफुलांतून धावत येतात, गाडी येते, आणि ऐन क्षणी कॅमेरा रुळांच्या पलीकडे जातो. धडधडणारी चाके आपल्या आणि अपूच्या मध्ये येतात. हा कॅमेरा अलीकडेच राहिला असता तर काय झाले असते, एवढाच प्रश्न फळ्यावर लिहावा. संदीप सावंत यांच्या 'श्वास' (२००४) या चित्रपटात आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला इस्पितळाबाहेर नेऊन शहर दाखवितात, कारण उद्यापासून तो मुलगा पाहू शकणार नसतो. पाहणे म्हणजे काय, हे सांगणारा याहून थेट पाठ मराठीत शोधून सापडायचा नाही.

पाहण्याबरोबर करणेही हवे, कारण एकदा स्वतः जोडकाम केलेल्या मुलाला दुसऱ्याने केलेला जोड ओळखू येतो. रशियन दिग्दर्शक कुलेशॉव्ह यांनी एका नटाचा एकच निर्विकार चेहरा तीन वेळा वापरला. एकदा त्यापुढे सूपाचे भांडे जोडले, एकदा शवपेटीतील बालक, एकदा एक स्त्री. प्रेक्षकांनी त्याच चेहऱ्यात भूक, दुःख आणि अभिलाषा वाचली. मोबाईलवर हा प्रयोग अर्ध्या तासात होतो. तो केलेला विद्यार्थी एखाद्या नेत्याचा चेहरा आणि त्यामागे जोडलेली दंगलीची दृश्ये पाहील, तेव्हा आपल्या मनातला राग कोठून आला हे विचारण्याची बुद्धी त्याला होण्याचा संभव आहे. अशी चित्रफीत वाडीवस्तीवर पोहोचायला आज काही सेकंद लागतात.

खर्चाचा आणि वेळेचा आक्षेप खरा आहे. दहावीचे वर्ष कोणी त्यासाठी मोकळे करणार नाही आणि करूही नये. परंतु २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांमधील भिंत पाडण्याची भाषा केली आहे. आठवी-नववीत आठवड्याला एक तास मागणे अवास्तव नाही. मूल सिनेमाच्या लाइनला जाईल, ही पालकांची भीती मात्र आम्हांला समजत नाही. मराठी शिकलेली सगळी मुले कवी झाली नाहीत.

दुसरी एक चिंता आम्हांला अधिक गंभीर वाटते. पेण आणि रोहा हे ठाकर-कातकऱ्यांचेही तालुके आहेत. गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी १९७७मध्ये 'जैत रे जैत' केला, तेव्हा ठाकरांचे जीवन पडद्यावर आले. चित्रपट सुंदरच आहे, पण ठाकरांचे ते चित्र शहरी कलावंतांनी घडविलेले आहे. आणि आमच्या धर्मकार्याचे काय? मदतीच्या आवाहनांत, अहवालांत, उघड्या अंगाची, वाहत्या नाकाची वाडीवरची मुले आजवर किती वेळा छापली गेली! त्या मुलांना किंवा त्यांच्या आईबापांना कोणी विचारले होते काय? ते चित्र त्यांना कोणी परत नेऊन दाखविले काय? चित्रपट शिकविताना हा प्रश्न पहिल्याच तासाला आला पाहिजे आणि त्याचा रोख आमच्यावरही असू द्यावा.

प्रारंभ कोठून करावा, तर ल्युमिएर बंधूंपासूनच. त्यांची पहिली चित्रे जेमतेम पन्नास सेकंदांची होती. पॅरिसच्या सिनेमातेकने १९९५मध्ये शाळकरी मुलांसाठी जो उपक्रम सुरू केला, त्यात मुलांना हाच नियम घालून दिला जातो : कॅमेरा एका जागी ठेवायचा, हलवायचा नाही, मध्ये तोडायचे नाही, एक मिनिट संपले की थांबायचे. पाच मुलांमागे एक मोबाईल पुरतो; दाखविण्यासाठी धर्मग्रामाचे सभागृह आहेच. रोहा स्थानकाचा फलाट, पेणच्या खारीतील मिठागर, कुंडलिकेचा काठ, आखणीची वाट पाहणाऱ्या मूर्तींची रांग, मिस्सा सुटल्यानंतरचे चर्चचे आवार यांपैकी एक ठिकाण मुलांनी निवडावे. कॅमेरा कोठे ठेवावा यावर त्यांनी मनसोक्त भांडावे. चौकटीत जो माणूस येणार असेल त्याची परवानगी घ्यावी. तो नको म्हणाला तर दुसरी जागा शोधावी. आणि ते एक मिनिट वर्गाला दाखविण्यापूर्वी त्या माणसाला दाखवावे.